शेठच्या छपरावरचा डोंगा

माझी बायको जाऊन वर्ष झालं आणि त्याच हिवाळ्यात शेजाऱ्यानं मोटारीमागं ओढायची खोली करून घेतली. भिंतीच्या अलीकडं मी एकटा बसून राह्यलो, पलीकडं तो नवी गाडी धुऊन राह्यला.

शेजाऱ्याला मी शेठ म्हणतो. लोखंडाच्या सामानाचं दुकान पोराच्या हाती देऊन मोकळा झालेला माणूस. खोली म्हणजे दोन चाकांचा डबा. आत पलंग, शेगडी आणि कोपऱ्यात खुर्चीचा संडास. रस्त्यानं जाताना त्याचं छप्पर खाली बसलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की ते वर ढकलायचं, मग आत माणूस ताठ उभा राहतो. छप्पर खाली असताना आत शिरायचं तर पार दुमडून शिरावं लागतं.

हे सगळं त्यानं वहिनींसाठी केलं. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. खाली बसता येत नाही, म्हणून त्या चार वर्षं कुठं गेल्याच नव्हत्या. लग्नाला नाही, तेरवीला नाही. शेठ अंगणात छप्पर वर करायचा आणि वहिनी आत उभ्या राहून हसायच्या. मी उठून घरात जायचो आणि दार लावून घ्यायचो.

मला डब्याचा हेवा नव्हता. खोटं काऊन लिहू? त्याची बायको जिती होती, याचा हेवा होता. एवढी दुखणाईत बाई राहिली आणि माझी धडधाकट बाई आठ दिवसांच्या तापात गेली.

मग त्यानं डोंगा आणला, म्हणजे लहानशी होडी. फायबरचा, दोन माणसांचा, बसायला उंच फळ्या असलेला. सेलूकडच्या तलावावर न्यायचा होता.

"छतावर बांधून द्या ना भाऊ," शेठ म्हणाला. "जिनिंगात जन्मभर कापसाच्या गाड्या बांधल्या तुम्ही. तुमच्यासारखी गाठ कोणाले येते?"

हिंगणघाटला मी तेच काम केलं, हे खरं. कापसाची गाडी बांधताना दोर माथ्यावरून घ्यायचा, खालच्या लोखंडी दांड्याखालून काढायचा आणि पाय लावून आवळायचा. गाठीवर पाणी मारायचं. सुताचा दोर ओला झाला की आकसतो, मग गाठ बोटानं सुटत नाही. माझे हात आपसूक तेच करत गेले. चौथी गाठ मारली आणि ध्यानात आलं. कापसाच्या गाडीला वर उचलायचं छप्पर नसतं. याला होतं. मी छप्परच खालच्या दांड्याशी जखडून टाकलं होतं.

सोडायला गाठीवर हात ठेवला. तेवढ्यात वहिनी काठी टेकत आल्या. शेठच्या स्वेटरचं बटण लावत म्हणाल्या, "सकाळची गोळी घेतली का? का तेही मीच पाहू?"

"मग तू कायले आहेस?"

असंच बोलणं माझ्या घरात चाळीस वर्षं चाललं. मी गाठीवरचा हात काढला.

"पक्कं झालं का भाऊ?"

"दगडासारखं," मी म्हणालो. वरून तांब्याभर पाणी ओतलं.

दुपारी फोन आला. "भाऊ, छप्पर वर होऊन नाई राह्यलं. दोर कापू का?"

कापा म्हणणार होतो. मागून वहिनींचा आवाज आला. "कापून होईन काय? एवढा डोंगा एकटे उतरवान काय तुम्ही? इथं दुसरं कोणी नाई. किती घंट्यांची दम धरून बसून आहो मी, सांगा त्यांले!"

तेव्हा मला तो कोपऱ्यातला संडास आठवला. तोवर मी फक्त शेठची फजिती डोळ्यांपुढं आणत होतो. वहिनींचा विचारच केला नव्हता.

सेलूपर्यंत एसटीनं गेलो, पुढं ऑटोनं. पेचकसाचं टोक खुपसून गाठी सैल केल्या. शेठ आणि मी मिळून डोंगा उतरवला, छप्पर वर ढकललं. वहिनी कोणाकडं न पाहता आत गेल्या. बाहेर आल्यावर मी बोललो.

"वहिनी, बांधताना चुकलो. पण सोडलं नाई, ते जाणूनबुजून."

"काऊन पण?" शेठनं विचारलं.

"तुम्ही दोघं जाऊन राह्यले होते म्हणून."

शेठ दोर गुंडाळायला लागला. वहिनी म्हणाल्या, "ती असती ना भाऊजी, तर तिनं तुमचे कान उपटले असते."

"ती असती तर मी गाठ सोडली असती."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. "आता तो डोंगा पाण्यात घाला," एवढंच म्हणाल्या. "मी काय खुर्चीवर बसाले आली इथं?"

धोतर वर खोचून मी पाण्यात शिरलो. दोघांनी दोन्हीकडून धरून वहिनींना डोंग्यात बसवलं, मग मी शेठला आधार दिला आणि डोंगा ढकलला. जरा आत जाताच वल्हं कोणी मारायचं यावरून दोघं भांडायला लागले. पाण्यावरून सगळं ऐकू येत होतं. हेवा काही गेला नव्हता, तरी ऐकत काठावर उभा राह्यलो.

ऑटोवाला हॉर्न वाजवून राह्यला. त्याला म्हटलं, तू जा. शेठच्यानं एकट्यानं वहिनींना उतरवणं होणार नव्हतं.