कोळसामावशीची माय

चौथीपर्यंतच शिकले. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, त्याची माफी असावी. पण एका शिकलेल्या माणसानं छापून खोटं लिहिलं, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

आमच्या सोलापूरच्या विडी कारखान्यात कोळसामावशी कुठंही बसण्याआधी भिंतीवर बोटानं ठोकायची आणि कान लावायची. बायका हसायच्या. "मावशी, हितं काय खाण हाय का?" ती म्हणायची, "छप्पर पडायच्या आधी सांगतं. ऐकणारं पायजे."

तिचं माहेर चांद्याकडचं, कोळशाच्या खाणीजवळचं. नवरा रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा, म्हणून इकडे आली. सूप मांडीवर घेऊन ती गोष्ट सांगायची. डोंगराच्या पोटात एक म्हातारी राहते, कोळसा म्हणजे तिचे केस. केस ओढले की ती करकरते. ते करकरणं गावातल्या एकाच बाईला कळायचं. एके दिवशी ती बाई खाणीच्या तोंडाशी आडवी झाली. "आज उतरू नका," म्हणाली. मुकादमानं तिला ओढून बाजूला केलं. दुपारी छत बसलं, माणसं गेली. मग गावानं तिलाच चेटकीण ठरवून हाकलली. सांगताना मावशीचे हात थांबायचे, म्हणून तिच्या वाटणीच्या विड्या आम्ही सगळ्याजणी वळायचो.

मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी आमच्या चाळीत वरच्या खोलीत एक गुरुजी राहायला आले. सुट्टीत त्यांनी मावशीला ओट्यावर बसवून सगळी गोष्ट वहीत उतरवून घेतली. शेवटी दहा रुपये दिले. "चहापाण्याला," म्हणाले. मावशीला खोकला होता, ते औषधात गेले.

दोन वर्षांनी त्यांची कादंबरी आली. कारखान्यात वाचता येणारी मीच, म्हणून मोठ्यानं वाचली. डोंगरातली म्हातारी होती, तिचे केस होते. पण त्यात करकर ऐकणारी बाईच मंत्र घालून खाण पाडते आणि गाव तिला जाळतं. मावशीच्या हातातलं विडीचं पान फाटलं.

"ती माझी माय होती," ती म्हणाली. इतकी वर्षं हे आम्हाला माहीत नव्हतं.

ती मला घेऊन त्यांच्याकडे गेली. "गुरुजी, मायनं माणसं वाचवाया बघितली. तुमी तिलाच जाळली की."

ते हसले. "मावशी, कादंबरी कल्पित असते. आणि तुम्हाला पैसे दिले होते ना?"

मी खाली मान घालून उभी होते. त्यांचा राग अजून येतो, आणि माझाही.

त्या आठवड्यापासून मावशी मजुरीतली नाणी तंबाखूच्या डब्यात टाकू लागली. मी म्हटलं, "आधी औषध घे."

"आधी धा रुपये फेडून माय सोडवते," ती म्हणाली.

सात रुपये झाले आणि ती गेली. उरलेल्या तीन रुपयांच्या विड्या आम्ही वळल्या, तिच्या वाटणीच्या वळायचो तशाच.

डबा घेऊन मी एकटीच वर गेले. टेबलावर डबा ओतला. "मोजा," म्हटलं. गुरुजी "अहो, कशाला, राहू द्या" म्हणत राहिले. मी जागची हलले नाही. मग त्यांनी एकेक नाणं मोजलं. पुरे दहा भरले.