चपलांचं चॅनल

आमच्या गावात कुणी रडायला लागलं की अक्काचा मोबाइल खाली जायचा. तो बंद होत नसे. बातमी चालूच असे, पण पडद्यावरची तोंडं जाऊन जमीन दिसायला लागे. जमिनीवर दुसरं काय असणार? माती, एखादं वाळकं पान, माणसांचे पाय आणि काढून ठेवलेल्या चपला. मागून रडण्याचा आवाज येतोय आणि समोर नुसत्या चपला, असं बराच वेळ चालायचं. गावातल्या टवाळ पोरांनी त्यावरून तिच्या चॅनलला ‘चपलांचं चॅनल’ म्हणायला सुरुवात केली. चॅनलला स्वतःचं चांगलं नाव होतं, लोकरीने विणून तिने ते माईकच्या टोपड्यावर घातलंही होतं, पण ते काही कुणाच्या तोंडी बसलं नाही.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं, उमरीच्या पलीकडचं; धड खेडं नाही आणि शहर म्हणावं तर लाज वाटते. अक्का मूळची शिवणकामवाली. भीमनगरात समाजमंदिराच्या मागे तिचं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. ब्लाऊज टाकायला गेलेली बाई तासभर बसल्याशिवाय उठत नसे, त्यामुळे गावातली प्रत्येक गोष्ट त्या खोलीतून फिरून पुढे जायची. मुलगा संतोष वेल्डर म्हणून मस्कतला गेला. जाताना त्याने आईला चांगला मोबाइल घेऊन दिला आणि अक्का त्याला रोज गाव दाखवायला लागली. आज बाजारात मेथी आली, आज शाळेचं स्नेहसंमेलन, आज एस.टी. फाट्यावर बंद पडली. संतोषने ते खोलीतल्या पोरांना दाखवलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि पुणे, हैदराबाद, सुरत असं पोटामागे पांगलेलं आमचं निम्मं गाव अक्काच्या मोबाइलला चिकटलं. लग्न होऊन पुण्याला गेलेली मीही त्यातलीच.

आमच्या गल्लीत पूर्वी तिला ओट्याच्या वर न घेणारी घरं होती. लेकरं परगावी गेल्यावर त्याच घरांनी ‘अक्का, आत ये ना, देवघर दाखव की त्याला’ म्हणत तिला माजघरापर्यंत नेलं. ती जायची, देवघर दाखवायची, चहा प्यायची. मग आमच्या घरी येऊन आईजवळ हसत बसायची. म्हणायची, “तुमच्या गल्लीत माझ्यापेक्षा माझ्या मोबाइलचा मान मोठा हाय, वहिनी.” आई ओशाळायची. खरं तर गल्लीने ओशाळायला हवं होतं, पण गल्ली मोबाइलमध्ये स्वतःला बघण्यात गुंग होती.

मोठ्या माणसांपुढे माईक धरताना तिची रीत ठरलेली. पहिला प्रश्न, जेवलात का. आमदार असो, तहसीलदार असो, पिकाची नुकसानी बघायला आलेलं पथक असो, आधी जेवणाची चौकशी. एक साहेब हसून म्हणाले की हो, विश्रामगृहावर जेवून आलो. त्यावर अक्का म्हणाली, “मग निवांत ऐका आता,” आणि चिखलात उभ्या असलेल्या बायकांकडे माईक फिरवला. साहेबांना पुढचा सगळा वेळ मान हलवत उभं राहावं लागलं. जयंतीच्या मिरवणुकीत मात्र ती बातमीदार राहायची नाही. ढोल वाजला की माईक कमरेला खोचून स्वतःच नाचायला लागायची आणि पुण्यात आम्हाला आभाळ, विजेच्या तारा, निळे झेंडे आणि पुन्हा आभाळ असं काहीतरी दिसत राहायचं.

आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि कधी येईल ते नगरपंचायतीलाही ठाऊक नसतं. अक्काने आपल्या दारातल्या नळाची बातमी द्यायला सुरुवात केली. रोज सकाळी त्या कोरड्या नळासमोर उभी राहून सांगायची, आज बी आला न्हाई. एका सकाळी बोलता बोलता तोटी फुरफुरली आणि पाणी आलं. अक्काला एवढा आनंद झाला की कुठल्या गल्लीत धार कशी आहे, मोटारी लावू नका, म्हाताऱ्यांचे हंडे आधी भरू द्या, असं ती पाणी जाईपर्यंत सांगत राहिली. सगळ्या गावाने पाणी भरलं. तिचा स्वतःचा ड्रम कोरडा ठणठणीत. मग शेजारणी एकेक घागर घेऊन आल्या आणि प्रत्येकीने तिला येड्यात काढलं. तेही थेट प्रक्षेपणात गेलं, कारण मोबाइल बंद करायला ती विसरली होती.

पण गावाबाहेरची माणसं तिच्याकडे खरी डोळे लावून बसायची ती मयतीच्या वेळी. पुण्याहून निघून पोचेपर्यंत गावात सगळं उरकलेलं असतं. मस्कतचं तर बोलायलाच नको. ज्याला येता येणार नाही त्याला अक्का आधी फोन करायची आणि विचारायची, “तुला काय बघायचं हाय?” कुणी म्हणे बाबांचं तोंड, कुणी म्हणे आईच्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या आधी तिला एकदा दाखव. एकाने दारात बांधलेली म्हैस बघायला मागितली होती, कारण वडिलांनी ती त्याच्या लग्नाच्या साली घेतली होती. अक्काने म्हैस दाखवली. रडणं तेवढं ती कुणालाच दाखवत नसे.

त्याचं कारण तिने आईला एकदा सांगितलं होतं. तिचा नवरा गेला तेव्हा संतोष मस्कतला होता. तेव्हा तिला मोबाइलमधलं एवढं कळत नव्हतं. पुतण्याने फोन धरला आणि अक्का छाती पिटून रडत होती ते सगळं संतोषला दाखवलं. तिकडे खोलीत तो एकटा. सोबतची पोरं कामावर गेलेली. पुढे कितीतरी महिन्यांनी तो आईला म्हणाला की मला तू पडताना दिसलीस आणि मी काचेला हात लावून बसलो. अक्का म्हणाली, “इथं मला धरायला चार बाया होत्या. त्याला तिथं कोन धरणार? त्या दिवसापासून ठरवलं, लांबच्याला रडणं दावायचं न्हाई.”

गावात दुसराही एक चॅनलवाला होता. त्याला सगळे ब्रेकिंगच म्हणत. पोरगा हुशार, पण त्याची सगळी मदार रडणाऱ्या तोंडांवर. कॅमेरा जवळ नेऊन डोळ्यातलं पाणी दाखवायचा, वर एखादं दुःखी गाणं. त्याचे बघणारे अक्काच्या कितीतरी पट. तो तिला सल्ला द्यायचा की अक्का, चपला कोण बघतंय, तोंडं दाखव. एकदा ती त्याला म्हणाली, “बाळा, तुझ्या घरी अजून असं रडणं झालं न्हाई. होऊ बी नये.” पण त्याने गाणी घालायचं काही सोडलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही अक्काच्या त्या चपलांचा कंटाळा यायचा. माझ्यावर वेळ येईपर्यंत.

आमचे आप्पा आणि बापूकाका हे सख्खे भाऊ. शेतं लागून, घरं एकाच गल्लीत. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं तुटलं. पुढे ती विहीर आटली तरी बोलणं काही सुरू झालं नाही. तुझ्या ओट्याला पाय लावणार नाही, असं काका सगळ्या गल्लीसमोर बोलून बसले होते आणि आमच्या घराण्यात शब्द मागे घेण्याची पद्धत नाही. काकांचा डावा पाय लहानपणी पोलिओने आखूड राहिलेला. त्या पायातल्या चपलेला मोची चांगला जाड तळ लावून द्यायचा, त्यामुळे ते चालताना एका पायाचा आवाज वेगळा येई. संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसलेले असत. तो आवाज गल्लीत आला की ते बोलता बोलता थांबायचे. आवाज घरासमोरून पुढे जायचा. मग आप्पा म्हणायचे, हं, काय सांगत होतीस. शेवटच्या आजारपणात फोनवर त्यांनी मला दोनदा विचारलं, “बापू येईल का गं?” मी काय सांगणार? मला काकांचा राग यायचा, आणि आप्पांचाही, कारण तेही उठून कधी गेले नव्हते.

आप्पा गेले तेव्हा मी पुण्यात दवाखान्यात होते. नुकतंच सिझेरियन झालेलं, शेजारी लेक झोपलेली, उठून बसायचीही चोरी. अक्काचा फोन आला. तिने नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, “बापूकाका आले का?”

ती म्हणाली, “अजून न्हाई, पोरी.”

“मग मला तेवढंच बघायचंय, अक्का.”

तिने थेट प्रक्षेपण सुरू केलं. आप्पांचं तोंड दिसलं, कपाळावर बुक्का, दाढी केलेली. आमचं अंगण, तुळस, भाऊ, गल्लीतली माणसं दिसली. मी एकेक चेहरा बघत होते आणि काका त्यात नव्हते. तेवढ्यात आईचा आवाज फुटला आणि नेहमीप्रमाणे मोबाइल खाली गेला. ओट्याची पायरी आणि चपला. मी नवऱ्याच्या हातातला फोन ओढून घेतला आणि त्या काचेवर ओरडले की वर कर, अक्का, वर कर. तिला ते ऐकू जाणार नव्हतं. आई रडत होती आणि मला तिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. आयुष्यात मी अक्कावर चिडले असेन तर त्याच क्षणी.

मग चपलांच्या त्या गर्दीत एक पाय आला. जरा थांबला. भिंतीवर हात टेकला असावा, कारण पायाचा तोल सावरला. जाड तळाची चप्पल पायातून निघाली, तिच्याजवळ दुसरी निघाली, आणि अनवाणी पाऊल आमच्या ओट्याच्या पायरीवर चढलं. अक्काने मोबाइल हलवला नाही. एरवी ती चपलांवरूनही पुढे सरकत जायची, पण त्या दिवशी ती एका चपलेवर थांबून राहिली. तोंडाने एक अक्षर बोलली नाही. आत कुणीतरी मोठ्याने, पुरुषी आवाजात, “दादा” म्हणून हंबरडा फोडला. मी ती चप्पल बघत रडले. नवरा शेजारी होता, त्याने मला धरलं.

पुढे लेकीला घेऊन माहेरी गेले तेव्हा तिच्यासाठी झबली शिवून घ्यायला अक्काकडे गेले. ती वितीने लेकीचं माप घेत होती. मी विचारलं की एवढं सगळं गाव बघत होतं, काका आले असं तू बोलली कामून नाहीस? तिने मान वर न करता सांगितलं, “बोलले असते तर गावानं ऐकलं असतं. ते भावाकडं आले होते, बातमीत यायला न्हाई. अन् तुला चप्पल वळखू येणार हे म्हाईत होतं की मला.”

काका त्यानंतर आमच्याकडे यायला लागले. आई त्यांना चहा देते, ते आप्पांच्या जागेपासून जरा अंतर ठेवून बसतात, आणि विहिरीचं नाव कुणी काढत नाही.

अक्काच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी नांदेडला खेपा सुरू झाल्या आणि ती एस.टी.च्या खिडकीतून आम्हाला सोयाबीन दाखवायला लागली. कुणाचं पिवळं पडलंय, कुणाचं काढायला आलंय, मालकाच्या नावासकट. आवाज खोल जात चालला होता, पण शेतमालकांची नावं चुकली नाहीत. सुनेने, संतोषच्या बायकोने, मोबाइल काढून घेतला तर रुसून बसायची. शेवटी एका पहाटे ती झोपेतच गेली. मी तेव्हा नेमकी माहेरी आले होते. संतोषला विमानाचं तिकीट मिळेना, आणि तो येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं.

भीमनगरात आम्ही गेलो तेव्हा पांढऱ्या साड्यांतल्या बाया दारात बसलेल्या होत्या, भंतेजी यायचे होते. ब्रेकिंग आधीच येऊन भिंतीशी उभा होता. आता हा गाणं घालणार, असं माझ्या मनात आलं आणि मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याने संतोषला फोन लावला. म्हणाला, “दादा, तुम्हाला काय बघायचं हाय?”

तिकडून संतोष म्हणाला, “एकदा आईचं तोंड दाव. मग कोन कोन आलंय तेवढं कळू दे. मी न्हाई तर निदान गाव हाय का तिच्यापाशी, बघू दे मला.”

ब्रेकिंगने अक्काचं तोंड दाखवलं. उशाशी पेटवलेली मेणबत्ती दाखवली. भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं. उचलायची वेळ आली तेव्हा सुनेने अक्काच्या पायांना मिठी मारली आणि तिच्या रडण्याने सगळी गल्ली हलली. मी ब्रेकिंगकडे बघितलं. त्याचा हात वरच होता, फोन बरोबर सुनेच्या तोंडावर. त्याच्या स्वतःच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तो हात खाली आला. पडद्यावर माती दिसायला लागली, आणि उंबऱ्याजवळच्या चार-दोन चपला. बाकीच्या सगळ्या लोकांनी आदराने लांब, गटारीच्या कडेला काढलेल्या होत्या.

बापूकाका तेवढ्यात पोचले. काठी टेकत गर्दीतून पुढे आले, खाली गेलेला फोन त्यांनी बघितला आणि थेट त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. भिंतीला हात लावून त्यांनी ती जाड तळाची चप्पल तिथेच काढली. काठीच्या टोकाने सरळ केली. “संतोषला दिसू दे,” एवढंच म्हणाले आणि अनवाणी आत गेले.

माझ्या चपला पार गटारीजवळ होत्या. मी जाऊन त्या उचलून आणल्या आणि काकांच्या चपलेशेजारी ठेवल्या.