शेवयाचा पाट

आईचा शेवया वळायचा उतरता लाकडी पाट आता कुणाला तरी देऊन टाकणं भाग होतं. तिचे गुडघे गेले होते, पाटाचा एक पाय निखळला होता आणि साताऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याला जागा नव्हती. पूर्वी उन्हाळ्यात तो गल्लीभर फिरायचा. परत येताना मात्र रिकामा कधीच यायचा नाही. ज्या घरी जायचा तिथल्या मूठभर शेवया त्याच्यावर असायच्या.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या मेढ्याच्या बाईंनी तो मागितला. "पाय नसंना का, मी विटा लावून वापरते," म्हणाल्या. मला ते पटेना. एवढा सागवानी पाट आणि विटांवर? त्याच आठवड्यात महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला भेटला. दुरुस्त करून नीट ठेवीन म्हणाला, आणि मी खूश होऊन पाट त्याला देऊन टाकला.

परवा आईला मुद्दाम दाखवायला नेलं. पाट हॉटेलच्या दारातच होता. नवा पाय, आरशासारखं पॉलिश, वर मासिकं. आईनं मासिकं बाजूला केली आणि हात फिरवला. ज्यांच्यावर शेवई वळली जायची त्या बारीक खाचा सुतारानं भेगा समजून लांबी भरून बुजवल्या होत्या. मी हॉटेलवाल्यावर भडकलो. पण त्याला कुणी सांगितलं होतं?

आई मासिकं पुन्हा नीट रचत होती.

"विटांवर चालला असता की रं," ती म्हणाली.