बुश कुठे बसतं ते बघायला

माझी पिकअप सतरा वर्षं जुनी आहे. सोमवार ते शुक्रवार मी कॉम्प्युटरसमोर असते आणि शनिवार-रविवारी पाडायला काढलेल्या घरांची दारं-खिडक्या विकत आणून त्यांची टेबलं बनवते. ते सामान ओढायलाच ही गाडी घेतली. गेल्या पावसाळ्यानंतर ती स्पीडब्रेकरवरून उतरली की पुढून ‘टक्’ असा आवाज यायला लागला. मी रेडिओ मोठा करून पाहिला, पण आवाज काही लपेना.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक अण्णा राहतात. मूळचे निपाणीकडचे, पण सगळी नोकरी इथे बेंगळुरूतच झालेली. एका सकाळी ते स्कूटर पुसत असताना मी गाडी बाहेर काढली, तर त्यांनी हात करून थांबवलं.

“वैनी, टकटक करायलीय की गाडी. बुश गेलं बघा.”

“तुम्हाला कसं कळलं अण्णा?”

“अठ्ठावीस वर्षं तेच केलो मी.”

मग त्यांनी सांगितलं. बोम्मसंद्राच्या एका रबराच्या कारखान्यात ते दाब देणाऱ्या प्रेस मशीनवर होते. लोखंडाची एक मोठी नळी, तिच्या आत एक लहान नळी आणि दोन्हींच्या मध्ये तापवून घट्ट बसवलेलं रबर. हेच बुश. चाकाला बसलेला धक्का गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचू नये म्हणून असतं. अशी बुशं दिवसाला शेकड्यांनी त्यांच्या हाताखालून जायची.

“पण वैनी, गाडीत बसवताना एकदाबी बघितलो नाही. आमच्याकडनं खोक्यात भरून जायची. पुढं कुठं जातात, कशी बसतात, कायबी ठाऊक नाही.”

मी म्हटलं, शनिवारी चला माझ्याबरोबर.

शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभे होते. चामराजपेटेतल्या गॅरेजकडे जाताना त्यांनी मला विचारलं, “तुम्ही आफिसात जे करता, ते कुठं बसतंय?” मी म्हटलं, एका मोठ्या प्रोग्रॅमचा लहानसा तुकडा माझ्याकडे असतो. “ते वापरताना माणूस बघितलाय काय?” नव्हता बघितला. हे मला कधी सुचलंही नव्हतं. मी हसून विषय बदलला.

गॅरेजवाले मेकॅनिक माझ्या ओळखीचे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि खालच्या आर्मच्या फटीत पहार घालून हलवली. टक्. तोच आवाज, आता माझ्या डोळ्यांसमोर. आर्म हातभर लांबीचा लोखंडी तुकडा. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला बुश, आणि त्या बुशमधून बोल्ट घालून तो सांगाड्याला जोडलेला. आर्म काढून प्रेसमध्ये धरला तसं जुनं बुश कुरकुरत बाहेर आलं.

अण्णांनी ते दोन्ही हातांत घेतलं. आधी वास घेतला. मग नखाने रबर खरवडलं, उजेडात धरलं.

“रबर चांगलं हाय हो,” ते मला मराठीत म्हणाले. “पण एकाच बाजूला पिरगळून फाटलंय. असं का?”

मला तो प्रश्न आवडला, मी तो कन्नडमध्ये पुढे विचारला. पण मेकॅनिकना नव्हता आवडला. “जुनं झालं की फाटतं, सर,” म्हणत त्यांनी नवं बुश आर्ममध्ये दाबलं, आर्म जागेवर लावला आणि बोल्ट आवळायला पाना घेतला. गाडी अजून जॅकवर अधांतरीच होती, चाकही लावायचं होतं.

“स्वल्प थांबा!” अण्णा एकदम ओरडले. मग कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, बोल्ट गाडी खाली उतरवल्यावर आवळतात की आधी?

“आधीच. बावीस वर्षं असंच करतोय.”

अण्णा माझ्याकडे वळले. “आमच्या खोक्यात एक चिठ्ठी घालायचो. त्यावर चित्र होतं, चाक जमिनीवर अन् बाजूला पाना. मला वाटायचं, गाडी नीट जमिनीवर ठेवून काम करा म्हणायलेत. आता वाटायलंय, बोल्ट चाक टेकल्यावरच आवळा म्हणत असतील.”

त्यांनी मेकॅनिककडून खडू मागून घेतला. आर्मपासून सांगाड्यापर्यंत एक सरळ रेघ मारली आणि बोल्ट सैल ठेवूनच गाडी उतरवायला सांगितली. मेकॅनिक कुरकुरले, पण त्यांनाही आता बघायचं होतं. चाक लावलं, जॅक सोडला. आम्ही तिघंही जमिनीवर वाकलो. गाडीच्या वजनाने आर्म वळला होता आणि रेघ मधोमध तुटली होती. दोन तुकड्यांत चांगलं बोटभर अंतर पडलं होतं.

“अधांतरी आवळलं असतं तर एवढं रबर कायम पिरगळलेलं राहिलं असतं,” अण्णा हळूच म्हणाले. त्यांनाही ते त्याच क्षणी कळत होतं.

मेकॅनिकनी बोट लावून ते अंतर मोजलं. “सरी, बरोबर,” म्हणाले, पुठ्ठा अंथरला आणि उताणे होऊन गाडीखाली शिरले. खाली जागा कमी, पाना पुरता फिरेना. अर्धा तास लागला. दुसऱ्या बाजूचं बुश बसवताना मात्र त्यांनी स्वतःच खडू उचलला.

परत येताना पहिल्या स्पीडब्रेकरला आवाज आला नाही. अण्णांचं तेवढ्यावर समाधान होईना. त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि रस्त्याकडेला गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मी गाडी स्पीडब्रेकरवरून मागे घेतली, पुढे नेली, पुन्हा मागे घेतली. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, एकाने डोकं बाहेर काढून काय ते बोलूनही घेतलं. तीन फेऱ्या झाल्यावर अण्णा आत येऊन बसले.

“काय दिसलं?” मी विचारलं.

“कायबी नाही. चाक वर गेलं, खाली आलं.” ते खुशीत होते. रुमालाने हात पुसत म्हणाले, “आतल्या आत वळायलंय ते रबर. बाहेरनं कसं दिसणार?”