गव्हर्नरांच्या मीटिंगमध्ये सलवारीचा विषय

सत्तरच्या दशकात लंडनच्या ईलिंग भागात राहत असताना माझ्या मुलांच्या शाळेची मी गव्हर्नर झाले. पुण्यात आईला वाटलं, आता बंगला, गाडी, दाराशी शिपाई. कसलं काय! संध्याकाळी स्टाफरूममध्ये बसायचं, कोमट चहा प्यायचा आणि शाळेचे नियम, शिक्षकांच्या नेमणुका, गळकं छप्पर यांवर मत द्यायचं. पगार नाही की काही नाही. पण पालकांनी निवडून दिलं होतं, म्हणून मी चांगली साडी नेसून ताठ मानेनं जायची.

त्या दिवशी विषय युनिफॉर्मचा होता. आमच्या शेजारच्या पंजाबी घरातली मुलगी स्कर्टखाली सलवार घालून शाळेत गेली, म्हणून हेडमास्तरांनी तिला घरी पाठवलं होतं. बाप म्हणाला, पाय उघडे टाकून माझी पोर बाहेर पडणार नाही. झालं! दोघंही हटून बसले आणि एवढी हुशार पोरगी घरात भांडी घासत बसली. तिची आई माझा हात धरून म्हणाली होती, "बहनजी, आप बोलना."

चेअरमन म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, सज्जन माणूस. हेडमास्तरांचं म्हणणं ऐकून झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि मला काही बोलायचंय का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नो, नो."

आता आपल्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. समोरच्यानं आग्रह करायचा, मग आपण आढेवेढे घेत हो म्हणायचं. मी पदर सावरून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. चेअरमन "थँक यू" म्हणाले, नियम आहे तसाच राहील असं त्यांनी सांगितलं आणि ते छपराच्या विषयाकडे वळले.

मला मग असा संताप आला म्हणून सांगू! त्यांचा नव्हे, माझ्याच मेल्या भिडेचा. मी उठून उभी राहिले.

"छप्पर थांबेल," मी म्हणाले. "तिकडे एक मुलगी घरी बसलीय. आमच्यात एकदा विचारल्यावर कुणी हो म्हणत नाही. मला परत विचारा."

चेअरमननी चष्मा काढून पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि अगदी गंभीरपणे मला परत विचारलं. मग काय, मी बोलले ती बोलतच राहिले. शेवटी शाळेच्या करड्या रंगाची सलवार चालेल असं ठरलं. हेडमास्तरांनीही हात वर केला, जरा उशिरा.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम गेटपाशी जाऊन उभी राहिले. नवीन करडी सलवार घालून ती आली. मला वाटलं थांबेल, दोन शब्द बोलेल. "आंटी, उशीर होतोय," एवढंच म्हणाली आणि इतर मुलींबरोबर धावत आत गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि मी तिथंच, सगळ्या इंग्रज आयांच्या देखत, ढसाढसा रडले.