ट्रकातला माळा

कड्यावरच्या पोस्टची ऑर्डर आषाढात आली. दुसरी मोठी लढाई चालू होती. मी शिपाई, ड्रायव्हर. गाव भाजे, शिक्षण मराठी दुसरी. लोक विचारतात, कुठं लढलात, आफ्रिकेत का बर्मात? मी कुठंच लढलो न्हाई. लोणावळ्याच्या पश्चिमेला घाटमाथा संपतो आणि खाली कोकण दिसतं, तिथं माळावर एक ट्रक घेऊन बसलो होतो.

पोस्ट म्हणजे आम्ही दोघं. मी आणि लान्स नाईक कासम मुलाणी, वायरलेस ऑपरेटर, गाव कार्ला. भाजे आणि कार्ला, मध्ये फक्त इंद्रायणी. तरी ओळख झाली ती फौजेत. काम सोपं. दर चार तासांनी कंट्रोलला मेसेज द्यायचा. वारा किती, ढग किती, काही दिसलं का. कासम रात्रभर सेटवर बसायचा आणि सकाळी नवाचा मेसेज देऊन झोपायचा. गाडी, पाणी, जेवण माझ्याकडं. आठवड्यातनं एकदा मी राशन आणायला लोणावळ्यात जायचो. बाकी दिवस माणूस दिसायचा न्हाई.

पाऊस उघडला की पूर्वेला लोहगडाचा माथा दिसायचा. त्याच्या पायथ्याला माझं घर, चार-पाच कोसांवर. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमची मंडळी तिकडं भात लावत असणार, एवढं कळायचं. सुट्टी मिळत न्हव्हती. परदेशात असतो तर बरं, असं वाटायचं. घर दिसलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात वाऱ्यानं तंबू फाडला. मग ट्रकात झोपायचं ठरलं. गाडी पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे पाऊण टन माल नेणारी, चारी चाकांना इंजिनचा जोर, चिखलातून रेड्यासारखी चढायची. पण मागचा हौदा सामानानं भरलेला. राशनपेटी, पेट्रोलचे डबे, खोरी, दोर. पाय पसरायला जागा न्हाई. सरकारी गाडीला खिळा मारायचा न्हाई, ही ऑर्डर. मी म्हणालो, खिळा कशाला, माळा बांधू.

आमच्याकडं रानडुकरांपासून भात राखायला शेतात माळा बांधतात, तसाच बांधला. जांभळीचे सहा खुंट, त्यावर आडवे वासे, वर चिरलेल्या बांबूच्या कामट्या. सगळं वाखाच्या दोरीनं आवळलं. खाली सामान, वर माणसं. कामट्यांवर पेंढा, पेंढ्यावर ग्राउंडशीट. डोकं केबिनकडं, पाय मागच्या फाळक्याकडं. डोक्याकडची बाजू चार बोटं उंच ठेवली, कारण माळ्यावरचं पाणी पायाकडं निथळलं पाहिजे. दोन दिवस लागले. हाताला फोड आले, पण काम चांगलं झालं. ते मी आजही म्हणतो.

कासम चढला, आडवा झाला आणि लगेच उठून बसला.

"धोंड्या, पाय कुटं चाललेत माझे?"

"मावळतीला. का?"

"तिकडं किबला हाय, मक्का. तिकडं पाय करून मी झोपत न्हाई."

मी गाडी फिरवली. फाळका दक्षिणेला आला. आता मी अडलो. दक्षिणेला पाय मेलेल्याचे करतात.

"तुज्या दक्षिणेला काय वाघ बसलाय?" कासम म्हणाला.

"यम बसलाय."

"मग मलाबी नगं. मेस्त्री, आदी सांगायचं न्हाई व्हय? माळा फिरत न्हाई म्हणून सरकारची गाडी फिरवायची?"

लय हसलो. त्या पोस्टवर तेवढंच हसल्याचं आठवतं. उलटं झोपावं तर डोकं खाली, आणि फाळक्यातून झड तोंडावर. म्हणजे पाय उत्तरेला न्हाईतर पूर्वेला. उत्तरेला करायचे तर गाडीचं तोंड दक्षिणेला, तिकडं खडक आणि करवंदीच्या जाळ्या, गाडी मावत न्हव्हती. राहिली पूर्व. गाडीचं तोंड पश्चिमेला, कड्याकडं.

जमीन कड्याकडं उतरती होती. स्टँडिंग ऑर्डर अशी की गाडीचं तोंड नेहमी चढाला. मला ती पाठ होती. कासमनं विचारलं, "कड्याकडं तोंड. चालंल न्हवं?"

मी म्हणालो, "ड्रायव्हर कोन, तू का मी?"

हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांपुढं दोन धोंडे लावले. वर चढून बघितलं तर अंथरूण एकदम सपाट. डोक्याकडची चार बोटं उंची उतारात जिरली होती. पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला तरी कलत न्हव्हता. दोघांचा धरम सांभाळला, पावसाची झडही केबिनवर अडली. राशन आणून आलो की दर वेळी तशीच लावायचो. चार आठवडे त्या सपाट अंथरुणावर झोपलो आणि खालची जमीन उतरती आहे हे मी विसरलो. धोंडे बघायचंही सोडलं.

श्रावणातला मंगळवार. आठ दिवस पाऊस थांबला न्हव्हता. सकाळी नऊला कासमनं मेसेज दिला. "ऑल ओके. ओव्हर." सेट उशाशी ठेवून तो झोपला. वारा फिरला होता, त्याला झड लागू नये म्हणून फाळक्यावरचा पडदा मी बाहेरून बांधला. दहा चाळीसला पाण्याला गेलो. झरा दोनशे पावलांवर.

परत येताना बघितलं, तर ट्रक चालला होता. इंजिन बंद. बैलगाडीच्या चालीनं. धोंडे चाकांपुढं चिखलात घसरत होते.

"कासम! उडी मार!"

मी पळालो. पडदा आतून हलला. गाठ माझी, वाखाची, ओली. त्यानं पडदा टराटरा फाडला. आधी तोंड दिसलं, मग हातात सेट.

"धोंड्या, सेट धर!"

"सेट मरूंदे! तू उडी मार!"

त्यानं आधी सेट ढकलला. मूर्ख माणूस. सरकारचा सेट. मी दहा पावलांवर होतो. पुढची चाकं कड्यावरून गेली, फाळका वर उचलला, तो आत मागं पडला. मला त्याचे तळपाय दिसले. मग गाडी न्हव्हती.

सेट चिखलात पडला होता, पण चालू होता. रिकाम्या वेळात कासमनंच मला तो शिकवलेला. घड्याळात दहा सत्तावन्न.

"हॅलो कंट्रोल. मेसेज. ओव्हर."

"ऑपरेटर को बुलाओ. ओव्हर."

"ऑपरेटर गाडी के साथ नीचे गया. ओव्हर."

"फिर से बोलो."

फिर से बोललो.

कोकणाच्या बाजूनं शोधायला पार्टी गेली. संध्याकाळी तो सापडला. दुसऱ्या दिवशी कार्ल्याला माती दिली.

तीन दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सुभेदारसाहेबांनी विचारलं, "गाडी का मुंह ढलान की तरफ क्यों?"

माळा, किबला, यम, हे कुठून सांगायचं? आणि मी घाबरलो होतो. मी म्हणालो, "एरियल के वास्ते, साब."

एरियल म्हणजे सेटची तार, ती ऑपरेटरच्या हातातली गोष्ट. कागदावर लिहिलं गेलं, जागा ऑपरेटरनं निवडली. मला कुणी बोट लावलं न्हाई. महिन्यानं दुसरी गाडी मिळाली.

लढाई संपल्यावर कार्ल्याला त्याच्या आईकडं गेलो. माउलीनं चहा दिला. म्हणाली, "कागुद आला व्हता बाबा. माज्या लेकाचीच चूक व्हती म्हनं?"

मी चहा प्यायलो. कप खाली ठेवून निघालो.

हे सगळं मी फक्त आमच्या मंडळींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं अंथरूण फिरवून घातलं, पाय पूर्वेला. जन्मभर तसंच घातलं. म्हणायची, "कासमभावजींची माय हाय तवर जाऊन सांगा. मी येते बरूबर." मी आज-उद्या केलं. ती माउली गेली. मंडळी म्हणाली, "आता निदान लिहून ठिवा." तेही केलं न्हाई.

गेल्या मार्गशीर्षात मंडळीही गेली. घरात तिला ठेवली तेव्हा लोकांनी तिचे पाय दक्षिणेला केले. मी बघत बसलो. आता अंथरूण माझं मीच घालतो, पूर्वेला पाय करून. बाजूची जागा रिकामी असते. बोलायला कुणी न्हाई, म्हणून पाटीवरच्या अक्षरात लिहायला बसलो.

लान्स नाईक कासम मुलाणी, गाव कार्ला. जागा त्यानं निवडली न्हव्हती. त्यानं मला विचारलं होतं. गाडी मी लावली, धोंडे मी लावले, पडद्याची गाठ मी मारली. तो ड्यूटी करून झोपला होता.

कागदावर चुकीचं लिहिलंय. खरं हे आहे.