मानपत्रातली खोडलेली ओळ

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या सेवा मंडळाच्या खोलीत एक मानपत्र टांगलेलं आहे. त्यातली एक ओळ शाईनं खोडलेली आहे. नवे सभासद कारण विचारतात, तेव्हा मी विषय बदलतो. अक्षर माझं, मजकूर माझा आणि खोडाखोडही माझीच.

मानपत्र आबांचं. आबा पेशानं शिंपी आणि मंडळातले सर्वांत जुने सभासद. उन्हाळ्यात दुपारची चाळीसगावची गाडी सुटण्याआधी धुळ्याच्या स्टेशनावर उतारूंना खिडकीतून पाणी द्यायचं, हे मंडळाचं काम. म्हणजे खरं तर आबांचं. आम्ही बाकीचे ठराव करत असू. होळीपासून मृगापर्यंत रोज ते शिवणयंत्र झाकून, बादली आणि तांब्या घेऊन निघत. असे अठरा उन्हाळे गेले.

मी शाळामास्तर आणि मंडळाचा चिटणीस. सत्काराची कल्पना माझी, आणि खोटं कशाला बोलू, आबांपेक्षा मला माझ्या मानपत्राचंच जास्त कौतुक होतं. 'अठरा उन्हाळ्यांत ज्यांनी एकही गाडी चुकवली नाही' या ओळीवर तर मी बेहद्द खूष होतो. बायकोला ती तीनदा वाचून दाखवली.

आबा तयार नव्हते. "मास्तर, गाडीवर कोन राही?" एवढंच त्यांनी विचारलं.

"दोन सभासद पाठवतो. माझा शब्द," मी म्हणालो. मग ते आले.

कार्यक्रम सकाळचा ठरला होता. पण अध्यक्ष म्हणून बोलावलेले वकीलसाहेब मोटारीनं आले ते साडेअकराला. आमची तारांबळ उडाली. दारात स्वागताला माणसं कमी पडली, म्हणून स्टेशनाकडे निघालेल्या त्या दोघांना मीच अडवलं आणि एकाच्या हातात गुलाबदाणी, दुसऱ्याच्या हातात अत्तरदाणी दिली. गाडीला अजून वेळ आहे, असं मनाशी म्हटलं आणि विसरून गेलो.

आबांना शाल घातली, नारळ दिला आणि मी मानपत्र वाचायला लागलो. तेवढ्यात पांझरा नदीपलीकडून, स्टेशनाच्या बाजूनं गाडीची शिट्टी ऐकू आली. आबांनी दाराकडे पाहिलं. ते दोघं दाण्या घेऊन तिथंच उभे! आबा उठले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बसा आबा, मजकूर संपू द्या," असं म्हणून मी पुढची ओळ वाचली. ती नेमकी तीच होती. टाळ्या पडल्या.

नारळ खुर्चीवर ठेवून आबा निघून गेले. भाषणं आटोपल्यावर मीही स्टेशनावर गेलो. फलाटावर एक म्हातारी गाठोडं धरून रडत होती. खिडकीशी कुणी आलं नाही म्हणून ती पाणी शोधायला खाली उतरली आणि गाडी सुटली. चाळीसगावला तिच्या लेकीचे दिवस भरले होते. पुढची गाडी थेट संध्याकाळी. आबा तिला तांब्यानं पाणी पाजत होते. सत्काराची शाल त्यांनी तापलेल्या फरशीवर तिला बसायला अंथरली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर बाहेर पडलं ते वकीलसाहेबांच्या उशिराचं रडगाणं. आबांनी ते ऐकून घेतलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मास्तर, त्या कागदमधली ती गाडीनी वळ खोडी टाका," ते म्हणाले. "आते ती खरी नही शे."

"आबा, चूक माझी आहे. तुमची नाही."

"पन गाडी तं मन्ही व्हती."

संध्याकाळी म्हातारीला गाडीत बसवून देईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बादली घेऊन हजर.

मी घरी येऊन ओळ खोडली. खाली कारण लिहायला चांगली दोन बोटं जागा होती. तिथं माझं नाव लिहायचा धीर झाला नाही. आबा गेले, तरी ती जागा कोरीच आहे, आणि मानपत्र पाहणाऱ्याला वाटतं, आबांच्याच हातून काहीतरी चुकलं असावं.